सावडीचं घर

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडते, तेव्हा पायरीवर मक्याच्या कणसांची दोन-तीन पोती ठेवलेली असतात. कॉलेज सुरू व्हायला अजून दहा-बारा दिवस असतात, पण गोड मका कोणासाठी थांबत नाही. सुट्टीहून लवकर परतलेला कोणीतरी पोट्टा घरच्या शेतातला वानोळा माझ्या दारी ठेवून गेलेला असतो. ‘वानोळा’ हा शब्द त्याला ठाऊक नाही. पण पहिल्या तोडणीतलं चार घरी द्यावं, ही रीत त्याच्या आईबापांनी त्याला शिकवलेली असते. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझी आजी संत्र्यांच्या टोपल्या अशाच घरोघरी पोचवायची.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एम्स या गावी, आयोवा स्टेट विद्यापीठाजवळच्या एका घरात मी स्वयंपाक करते. घर पंचावन्न मुलांचं. बहुतेक सगळे शेतकऱ्यांचे, शेती शिकायला आलेले. मी स्वतः विदर्भातून बी. एस्सी. कृषी केलं. लग्नानंतर नवऱ्याच्या मका पैदाशीच्या संशोधनामुळे इथे आले. ग्रीन कार्ड हाती पडल्यावर या घरात मदतनीस म्हणून लागले आणि दोन वर्षांनी सगळं स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. यंदा अकरावं वर्ष. मुलं मला ‘काकू’ म्हणतात, कारण मला काय म्हणायचं असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तोंडात तोच शब्द आला. घराचं नाव मी लिहीत नाही. ते नाव त्या मुलांचं आहे, आणि मी सांगते आहे ते अशा कितीतरी घरांत घडतं.

घर कसं उभं राहिलं

अशा घराला इथे फ्रॅटर्निटी म्हणतात. विद्यार्थ्यांची बंधुसभा म्हणा. तिची एकेका कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर. आपल्याकडे हा शब्द इंग्रजी सिनेमांमुळे पोचला, त्यामुळे डोळ्यांसमोर दारू आणि धिंगाणा येतो. त्यात खरंही आहे, त्याकडे पुढे येते. पण शेतीच्या कॉलेजांतल्या बंधुसभांचा जन्म फार साध्या गरजेतून झाला.

१८६२ साली अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यायची आणि ती विकून येणाऱ्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची, अशी ही योजना होती. ती जमीन मूळ आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे इथल्या विद्यापीठांत आता उघडपणे बोललं जातं. कायदा स्वीकारणारं पहिलं राज्य आयोवा. एरवी कॉलेजाची पायरी ज्यांनी चढली नसती अशी शेतकऱ्यांची पोरं त्यामुळे शहरात आली. पण राहायचं कुठे, जेवायचं कुठे, आणि ‘खेडवळ’ म्हणून बाजूला पडायचं नसेल तर कोणाच्या सोबतीने उभं राहायचं?

१९०४ मध्ये ओहायो स्टेटमध्ये आणि १९०६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात शेतीच्या मुलांनी वेगवेगळे गट केले. शिकागोला दरवर्षी मोठं पशुप्रदर्शन भरायचं. जनावरं पारखायला तिथे गेलेल्या या दोन्ही गटांच्या मुलांची ओळख झाली आणि ४ एप्रिल १९०८ रोजी दोन्ही गट मिळून ‘अल्फा गॅमा ऱ्हो’ ही बंधुसभा झाली. मधल्या काळात, १५ एप्रिल १९०५ रोजी, मिसूरी विद्यापीठातल्या शेतीच्या सात विद्यार्थ्यांनी आपली वेगळी संघटना काढली. ग्रीक अक्षरांचं भारदस्त नाव त्यांनी घेतलं नाही. नाव ठेवलं ‘फार्महाऊस’, शेतघर. या दोन्ही संघटनांच्या शाखा आज अमेरिकेतल्या बऱ्याच कृषी विद्यापीठांत आहेत, एम्समध्येही आहेत.

त्याच १९०६ साली रवींद्रनाथ टागोरांचे चिरंजीव रथींद्रनाथ शेतीशास्त्र शिकायला इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले होते. शिकागोच्या प्रदर्शनातल्या बैलांबद्दल त्या आवारात चर्चा चालायची, तेव्हा एक बंगाली तरुण त्याच वर्गांत बसून मातीचा अभ्यास करत होता. पोळीसाठी कणीक मळताना मला कधीकधी त्याची आठवण होते. त्याला जेवायला काय मिळत असेल?

कामांची यादी

हे गेल्या वर्षाचं सांगते. वर्गांआधीचा आठवडा कामाचा. मुलं भिंती रंगवतात, गटारं साफ करतात, गाद्या उन्हात टाकतात. याच दिवसांत डे मॉइनला आयोवाची राज्यजत्रा भरते. अकरा दिवसांच्या या जत्रेत १९११ पासून लोण्याची पुरी गाय घडवून मांडतात. निम्मी मुलं आपली डुकरं, मेंढ्या, कालवडी घेऊन तिथे गेलेली असतात आणि रात्री गोठ्याचा वास अंगावर घेऊन परततात.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा पांढरा फळा आहे, त्यावर कामांची यादी. भांडी, फरशी, कचरा, स्नानगृह, जिना. प्रत्येकापुढे नाव आणि वार. मी सोमवार ते शुक्रवार दुपारचं आणि रात्रीचं जेवण करते. शनिवार-रविवार मुलं आपलं आपण करतात. भांडी पाचही दिवस त्यांचीच. पंचावन्न मुलांची भांडी म्हणजे बटाट्याचे हंडे, तेलकट पत्रे, शेकडो चमचे. फळ्यावर अध्यक्षाचंही नाव असतं. अकरा वर्षांत ते एकदाही गाळलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या मुलांत एक तांबूस केसांचा, लाजरा पोरगा होता. घरी दोन हजार डुकरं. पहिल्या दिवशी त्याला अंडी फोडायला दिली, तर निम्म्या कवचांसह अंडी भांड्यात गेली. “घरी आई करते,” तो म्हणाला. ट्रॅक्टर आठव्या वर्षापासून चालवणाऱ्या मुलाने अंडं कधी फोडलं नव्हतं. आमच्या गावातही पोरांचं असंच. वखर धरता येतो, चहा करता येत नाही. मी त्याला एका हातात अंडं धरून ओट्याच्या कडेवर कसं टिचकवायचं ते दाखवलं. चौथ्या दिवशी पन्नास अंड्यांत एकही कवच नव्हतं.

आणखी एका गोष्टीने तो माझ्या जवळ आला. माझ्या माहेरी पोळ्याला बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात, दारात ओवाळतात, पुरणपोळीचा घास भरवतात. अशा घरातून येऊन इथे मला गोमांस शिजवायचं होतं. पहिल्याच वर्षी मी सांगितलं होतं की शिजवीन, पण चाखणार नाही. त्या पोराने कारण विचारलं, तेव्हा त्याला पोळ्याचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की फोर-एचमध्ये, म्हणजे इथल्या ग्रामीण मुलांच्या मंडळात, त्याने एक बैल वर्षभर वाढवला होता. रोज धुवायचा, विंचरायचा. तालुक्याच्या जत्रेत तो विकला गेला त्या संध्याकाळी हा गोठ्यामागे जाऊन रडला. “काकू, मीठ मी बघत जाईन,” तो म्हणाला. त्या दिवसापासून गोमांसाच्या जेवणाची चव तोच बघायचा.

सोमवारची रात्र

एरवी मुलं टोप्या घालून, मोजे काढून कशीही जेवायला येतात. सोमवारी मात्र टाय. सगळे एकदम बसतात, प्रार्थना होते, पाहुणे असतील तर ओळख होते. जेवण झालं की सभा. दार बंद. आत अध्यक्ष, खजिनदार, घर सांभाळणारा, नवी मुलं आणणारा, अभ्यासावर लक्ष ठेवणारा आणि स्टुअर्ड म्हणजे कोठीवाला, असे सगळे आपापला हिशेब मांडतात. घराची इमारत जुन्या विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या मालकीची आहे, पण रोजचा कारभार एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती. वीज किती आली, कोणाची फी थकली, छप्पर गळतं त्याला दुरुस्तीवाला कोण, सगळं तेच बघतात.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, पोरांच्या हाती एवढा पैसा कसा देतात? मग लक्षात आलं की ही मुलं घरी गेल्यावर याहून कितीतरी मोठा पैसा हाताळणार आहेत. आयोवातलं सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आसपास. एका कंबाइनची किंमत लाखो डॉलर. बँकेचं कर्ज, विमा, भाड्याची जमीन, भावांतल्या वाटण्या हे सगळं पुढे आहेच. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. पण शेताचा आकार कोणताही असो, माणसं कुठे मोडतात ते मी दोन्ही देशांत पाहिलंय. पिकाचं शास्त्र कमी पडून मोडतात त्याहून जास्त मोडतात ती हिशेबात, कर्जात आणि भावकीत. या सोमवारच्या सभेत मुलं तेच शिकतात. दूधवाल्याशी कसं बोलायचं, थकवणाऱ्या मित्राला पैसे कसे मागायचे, मतदानात हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी कसं बसायचं.

झोपायची सोयही सगळ्यांची एकत्र. वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली आहे, तिला ‘कोल्ड एअर’ म्हणतात. दुमजली पलंगांच्या रांगा, काळोख, आणि थंडीतही खिडक्या किलकिल्या. अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात झोपत नाही. ऑक्टोबर येईपर्यंत त्याला शेजारच्याचं घोरणंही ऐकू येत नाही.

कापणी

सप्टेंबरअखेर मका वाळू लागतो. विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाला जॅक ट्राइस यांचं नाव आहे. ते या विद्यापीठातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आणि पशुपालनाचे विद्यार्थी. १९२३ साली मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात झालेल्या इजांनी ते गेले. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे आपल्या घराघरांत पोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर त्याआधी तीस वर्षं याच आवारात शिकले होते. सामन्याच्या शनिवारी गाव लाल-पिवळं होतं. पण ऑक्टोबरमध्ये आमच्या घरातली मैदानावर जाणारी मुलं कमी-कमी होत जातात, कारण शुक्रवारी शेवटचा तास संपला की ती गाडी काढून घरी कापणीला जातात आणि रविवारी मध्यरात्री येतात.

त्या दिवसांत आमच्या जेवणात उताऱ्याच्याच गोष्टी. इथे मक्याचा उतारा एकरी दोनशे बुशेलच्या पुढे जातो. एक बुशेल मका पंचवीस किलोंहून थोडा जास्त, म्हणजे एकरी पन्नास क्विंटल. सोयाबीन पंधरा-सोळा क्विंटल. “काकू, तुमच्या बाबांना सोयाबीन किती होतं?” एकाने विचारलं. पाऊस बरा झाला तर सहा क्विंटल, मी सांगितलं. तो हसला नाही. त्याने विचारलं की पाऊस नाही झाला तर? या मुलांना आभाळाकडे बघणं माहीत आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवावरून डेरेचो नावाचं सरळ रेषेतलं वादळ गेलं आणि उभा मका लाखो एकरांवर आडवा झाला. तेव्हा जी मुलं शाळेत होती त्यांनी आपल्या बापाला बांधावर नुसतं उभं राहिलेलं पाहिलंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं आणि लगेच शस्त्रक्रिया करावी लागली. साडेतीनशे एकर मका उभा. धाकटा भाऊ तेरा वर्षांचा. त्या सोमवारी सभेचं दार बंद झालं आणि मी भांडी पुसत होते. पुढच्या शनिवार-रविवारी सगळ्या मुलांनी घरापुढची सजावट उभी करायची होती. माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळ्यासाठी सगळी घरं अंगणात मोठाले देखावे करतात, त्यांची स्पर्धा असते, आणि या मुलांनी महिनाभर लाकूड कापून ठेवलं होतं. चार-पाच मिनिटांतच दार उघडलं. अध्यक्ष स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “काकू, शनिवारचे दोन्ही वेळचे डबे लागतील. बावीस जण.”

शुक्रवारी रात्री मी आणि तो अंडीवाला पोरगा सँडविच बांधत बसलो. एकशे चाळीस झाली. मिरचीचं मांसाचं कालवण दोन हंडे आणि त्याबरोबर इथल्या रीतीप्रमाणे दालचिनीचे गोड रोल. पहाटे चारला गाड्या निघाल्या. एका मुलाच्या काकांनी आपलं कंबाइन पाठवलं, शेजाऱ्यांची दोन आली. मुलं धान्याच्या गाड्या ओढत होती, ट्रक भरून गावच्या कोठारापर्यंत नेत होती, ओलावा मोजत होती, धाकट्या भावाला शेजारी बसवून यंत्र शिकवत होती. रविवारी सूर्य मावळायच्या आत शेत रिकामं झालं. मुलाच्या आईने मला फोन केला. ती फार बोलली नाही. “पोरं जेवून निघालीत,” एवढंच सांगितलं आणि रडू लागली.

सोमवारी मी जेवणाआधी दोन मिनिटं मागून घेतली. माझ्या गावात याला सावड म्हणतात, मी सांगितलं. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, दिवस फेडायचे. ज्याच्या शेतात काम त्याने जेवू घालायचं. आता मजूर आणि यंत्रं आली, सावड कमी झाली. माझ्या आजीला मात्र गावातल्या प्रत्येक घराशी किती दिवसांचं देणं-घेणं आहे हे तोंडपाठ असायचं. ज्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तो मुलगा मान खाली घालून ऐकत होता. आमच्या घराला त्या वर्षी सजावटीचं बक्षीस मिळालं नाही. अर्धं उभं राहिलेलं लाकूड नोव्हेंबरपर्यंत अंगणात होतं, आणि ते कोणाच्याही डोळ्यांत सलत नव्हतं.

बंद दारं

नोव्हेंबरमध्ये नवी मुलं रीतसर भाऊ होतात. तो विधी गुप्त. मला त्यातलं काही ठाऊक नाही आणि विचारावंसंही वाटत नाही. संध्याकाळी गंभीर चेहऱ्याने वर गेलेली मुलं रात्री खाली येतात तेव्हा चेहरे मोकळे असतात, भूक प्रचंड असते, एवढं मला दिसतं.

पण गुप्ततेच्या मागे काय काय दडू शकतं ते मला माहीत आहे. मी पहिल्या वर्षाला असताना वसतिगृहात वरच्या वर्गातल्या मुली रात्री बाराला आम्हाला उठवून रांगेत उभं करायच्या. एक मैत्रीण त्यापायी शिक्षण सोडून गेली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, त्यामागे अशी कितीतरी पोरं आहेत. इथेही तेच दुःख आहे. २०१७ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका फ्रॅटर्निटीत नव्या मुलाला अतोनात दारू पाजली, तो जिन्यावरून पडला, आणि तासन्‌तास कोणी मदत बोलावली नाही. तो वाचला नाही. असे मृत्यू झाले तेव्हा कुठे २०२४ च्या डिसेंबरमध्ये संघराज्याचा कायदा झाला आणि असे प्रकार जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक झालं. फार्महाऊस संघटनेने आपल्या घरांत दारू येऊ द्यायची नाही हा नियम पूर्वीपासून ठेवला आहे, आणि मला तो योग्य वाटतो. मी दर ऑगस्टमध्ये नव्या मुलांना एकच गोष्ट सांगते: तुम्हाला कोणी नको ते खायला-प्यायला लावलं, तर माझ्या दाराशी या. या दाराला कडी नाही.

दुसरं बंद दार अधिक जुनं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक फ्रॅटर्निटी कित्येक दशकं फक्त गोऱ्या मुलांसाठी होत्या. मुलींना तर नावाप्रमाणेच जागा नव्हती. शेतीच्या मुलींनी मग आपल्या भगिनीसभा काढल्या, १९७८ मध्ये ओहायो स्टेटमध्ये ‘सिग्मा अल्फा’, १९८४ मध्ये ‘सेरेस’. आता इथल्या अनेक कृषी महाविद्यालयांत मुली मुलांइतक्या किंवा जास्त आहेत. आमच्या भिंतीवर दरवर्षीचा एक असे फोटो ओळीने लावलेत. जुन्या फोटोंत सगळे चेहरे एकसारखे. अलीकडच्या फोटोंत मेक्सिकोतून आलेल्या डेअरी कामगाराचा मुलगा आहे, एक कृष्णवर्णीय पशुवैद्य होऊ पाहणारा आहे. फोटो अजून पुरेसे बदलले नाहीत. पण मी रोज त्या भिंतीवरून जाते, आणि बदल कुठून सुरू झाला ते मला बोटाने दाखवता येतं.

हिवाळा

जानेवारीत एम्समध्ये उणे वीस अंशांची थंडी पडते. दुधाच्या गाडीचं चाक घसरतं, माझं मागचं दार गोठून बसतं. या दिवसांत घर शांत होतं. पहिल्या सत्राचे गुण आलेले असतात. ज्यांचे कमी, त्यांना रोज रात्री जेवणाच्या टेबलांशी बसून अभ्यास करावा लागतो, वरच्या वर्गातला एकजण शेजारी बसतो. मेंढ्यांची वीण सुरू झाली की काही मुलं रात्री दोनला उठून विद्यापीठाच्या मेंढवाड्यात पाळी करायला जातात. त्यांच्यासाठी मी ओट्यावर थर्मासमध्ये कोको ठेवून जाते.

हिवाळ्यात माणसं मनातलं बोलतात. फेब्रुवारीत एकदा जेवणानंतर पाच-सहा मुलं भांडी घासता-घासता बोलत होती. एकाच्या गावातल्या शेतकऱ्याने जीव दिला होता. कोणाला काही म्हणायचं सुचत नव्हतं. मी त्यांना यवतमाळ-अमरावतीचं सांगितलं. कापूस, कर्ज, पाऊस, आणि मागे राहिलेल्या बायका. माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणींचे वडील असे गेले. मुलांनी मला आयोवातला १९८०च्या दशकातला काळ सांगितला, त्यांच्या आजोबांकडून ऐकलेला. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत इथल्या जमिनीची किंमत साठ टक्क्यांहून जास्त पडली. चढ्या भावात कर्ज काढून जमीन घेतलेल्यांची शेतं लिलावात गेली. त्या रात्री भांडी रोजच्यापेक्षा उशिरा संपली. जाताना एक मुलगा म्हणाला की उद्या तो वडिलांना फोन करणार आहे, कामाचं नाही, नुसता.

एप्रिल, आणि एक हिशेब

एप्रिलमध्ये जमीन वाफशावर येते आणि पेरणीची घाई सुरू होते. दोन्ही बंधुसभांचे स्थापनादिनही याच महिन्यात. म्हातारे विद्यार्थी जेवायला येतात. गेल्या वर्षी साठीचे एक गृहस्थ थेट स्वयंपाकघरात आले, नळाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “मी इथेच उभा असायचो.” १९८५ साली त्यांच्या वडिलांचं शेत लिलावात गेलं. फी भरायला पैसे नव्हते. मुलांनी सभेत ठरवलं की त्याने जेवणाची भांडी घासावीत आणि राहावं, बाकी पैसे जमतील तेव्हा. जमले ते नऊ वर्षांनी. तेव्हापासून दरवर्षी कोणाच्या तरी फीमध्ये त्यांचे पैसे असतात. कोणाच्या, ते त्यांना सांगू नये अशी त्यांची अट आहे. तो हिशेब मी आजीच्या तोंडून ऐकला होता. दिवस फेडायचे, आणि ज्याने दिले त्यालाच फेडता येतात असं नाही.

त्या रात्री मी एक गोष्ट ताडून पाहिली. १९६०च्या दशकापासून भारतात कृषी विद्यापीठं उभी राहिली ती इथल्याच नमुन्यावर. पंतनगरला इलिनॉय विद्यापीठाने मदत केली, पंजाबात लुधियानाला ओहायो स्टेटने, ओडिशाला मिसूरीने, आणि आपल्या महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनिया स्टेटने. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. इलिनॉय, ओहायो, मिसूरी ही तीन नावं पुन्हा वाचा. शेतकऱ्यांच्या पोरांनी आपली घरं पहिल्यांदा बांधली ती याच तीन ठिकाणी. आपण तिथून सत्रपद्धत आणली, प्रयोगक्षेत्रं आणली, विस्तारशिक्षण आणलं. घर तेवढं आणलं नाही. आम्हाला वसतिगृह मिळालं. मेसचा ठेकेदार, रेक्टर, हजेरीची वही. मेसच्या डाळीत पाणी जास्त म्हणून आम्ही चार वर्षं कुरकुरलो, पण डाळीचा भाव काय आणि पैसे जातात कुठे हे आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

एकदाच आम्हाला तसं घर मिळालं. शेवटच्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, आम्ही सात मुली एका खेड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, गावकऱ्यांशी बैठकीत कोण बोलणार, सगळं आमचं आम्ही ठरवलं. भांडलो, रडलो, हिशेबाची वही केली. चार वर्षांत शिकले त्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते त्या दिवसांतलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या काही आठवड्यांची चार वर्षं करता येतील. ग्रीक अक्षरं नकोत, गुप्त विधी नकोत, मुलगे-मुली अशी भिंतही नको. राहुरीत, अकोल्यात, दापोलीत पन्नास मुलांना एक स्वयंपाकघर, एक वही आणि सोमवारची एक रात्र द्यावी. आणि जुन्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी येऊन नळाजवळ उभं राहावं. सावडीचा शब्द आपल्याकडे आहे. तो नव्याने शिकावा लागणार नाही.

मे

मे महिन्यात मुलं चार-पाच दिवसांत पांगतात. शेवटच्या वर्षाची मुलं पदवीचा झगा घालून स्वयंपाकघरात फोटो काढून घेतात. मग खोल्या रिकाम्या, कोल्ड एअरमध्ये नुसत्या लोखंडी पलंगांच्या रांगा.

गेल्या मेमध्ये शेवटच्या शुक्रवारी मी फ्रीज पुसत होते, तेव्हा तो तांबूस केसांचा पोरगा आला. मार्चच्या निवडणुकीत मुलांनी त्याला स्टुअर्ड केलं होतं. हातात दुधाची बिलं होती. “काकू, फेब्रुवारीत अडुसष्ट डॉलर जास्त लावलेत. मी बोललो त्यांच्याशी. परत देणार आहेत.” ज्याला ऑगस्टमध्ये अंडं फोडता येत नव्हतं, त्याने चार महिन्यांची बिलं ओळीने लावून बघितली होती. मी त्याला बसवलं, दोघांनी चहा घेतला. दुपारी त्याला घरी सोयाबीनच्या पेरणीला जायचं होतं.

तो गेल्यावर मी दिवे घालवायला वळले. फळा पुसून त्यावर नवी यादी लिहिली होती. ऑगस्टचा पहिला सोमवार, भांडी. त्यापुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं.